पाडव्याची गाठी आणि रबराचा साचा



पट्टा पडायची वेळ आणि गुढीपाडवा यांचा मेळ आपल्या भागात सहसा जमून येतो. इकडे गव्हाणीत शेवटची मोळी पडते, तिकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या बिऱ्हाड बांधून बीड जिल्ह्यातल्या आपापल्या गावी परतू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, वर शेळी, तिच्या शेजारी लेकरं. गावच्या फाट्यावर उतरल्यावर त्या लेकरांच्या गळ्यात पहिली कोणती वस्तू पडत असेल, तर ती साखरेची गाठी. होळीला पडते, पाडव्याला पुन्हा पडते, आणि गुढीच्या काठीलाही तीच लागते.

आपण ऊस पिकवतो, कारखाना साखर करतो, ती पोत्यात भरून जाते. पुढे तिचे काय होते याची चौकशी आपण फारशी करीत नाही. यंदा आम्ही ती केली. निमित्त घडले एका फुटक्या साच्याचे. तीच हकीगत या अंकात सांगावयाची आहे, कारण तीतून जे हाती आले ते पुष्कळ सभासदांच्या घरी उपयोगी पडण्यासारखे आहे.

फुटका साचा

आमच्या एका सभासदाच्या घरी तीन पिढ्यांपासून गाठ्या करतात. दीड एकर ऊस आहे, पण पाणी कमी पडले की उसाचा भरवसा नाही. गाठीचा मात्र आहे. होळीच्या आधी महिनाभर घरात भट्टी पेटते आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी विझते. तेवढ्या महिन्याच्या मिळकतीवर बी-भरण, लेकरांच्या वह्या-पुस्तके आणि सोसायटीचे व्याज निघते. हा धंदा घरातल्या काकू सांभाळतात. वय सत्तरीच्या घरात, पण पाकाची तार बोटावर ओळखण्यात अजून चूक नाही.

जानेवारीत आम्ही शेअरच्या कागदावर सही घ्यायला गेलो, तेव्हा काकू ओसरीवर एक फळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सागवानी फळी, हातभर लांब, तीत एका ओळीत कोरलेली सहा पदके. मधल्या मोठ्या पदकात कमळ, बाजूला बारीक पाकळ्यांची फुले. फळीला लांबीच्या बाजूने उभी चीर गेली होती.

"काय झालं काकू?"

"काय व्हायचं बापू! मव्ह्या सासूच्या टायमाचा साचा ह्यो. उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिला अन् तडकला. पाक वतला की चिरीतनं भाईर येतो. सहा साचे होते, त्यातले तीन आदीच गेले. ह्यो गेला तर कमळाची गाठीच बंद."

"सुताराकडून नवा करून घ्या की."

"कोण करतोय आता? आपल्या गावचा सुतार दारं-खिडक्या करतो. पटाशीनं उलटं कमळ कोरायचं म्हंजी खेळ हाय का? ज्यानं कोरलं त्यो गेला, त्याची हत्यारं बी गेली."

गोष्ट खरी आहे. साच्यात नक्षी उलटी कोरावी लागते. जे वर यायचे ते खोल, जे खोल जायचे ते वर. शिवाय प्रत्येक खळग्याला बाहेरच्या अंगाने थोडा ढाळ ठेवावा लागतो, नाहीतर गाठी अडकून मोडते. हे ज्ञान पुस्तकात नसते, हातात असते. हात गेला की ज्ञानही जाते.

काकूंच्या घरून परतताना आमच्यात हाच विषय निघाला. शहरातले कारागीर मूर्ती, मेणबत्त्या, चॉकलेट यांसाठी रबरासारखा मऊ साचा वापरतात, त्याला सिलिकॉनचा साचा म्हणतात, इतके आम्हाला ऐकून ठाऊक होते. त्याने या कमळाची नक्कल घेता येईल काय? करून पाहावे, असे ठरले.

साचा ही आपल्याच मुलखातली विद्या

करणीकडे वळण्यापूर्वी थोडे मागे पाहू. साच्यात वस्तू ओतणे ही काही परमुलखाची विद्या नव्हे. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. १९७४ साली तेथे झाडाचे खोड खणून काढताना चार कांस्य वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ व त्यावर उभा असलेला माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही भरीव ओतीव, मिळून वजन साठ किलोंच्या वर. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे हे काम आहे, असे बहुतेक जाणकार मानतात. ज्या काळी लोखंडाचा फाळ नव्हता, त्या काळी प्रवरेच्या खोऱ्यात बैलजोडी मात्र धातूत ओतलेली मिळते, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे आपला मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मेणाच्या साच्याची रीत दिली आहे. मूर्ती आधी मेणाची करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, वाळवून तापवायचे, मेण वितळून बाहेर आले की पोकळीत धातूचा रस ओतायचा. आधी मेण वजन करून ठेवायचे आणि त्याच्या पटीत धातू घ्यायचा, असा हिशेबही त्यात आहे. या रीतीत मूर्ती निघते एकच. मेण गेले, माती फोडली, म्हणजे दुसऱ्या मूर्तीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकाच साच्यातून शेकडो नग काढायचे तर साचा टिकला पाहिजे आणि वस्तू त्यातून सुटली पाहिजे. किर्लोस्करांनी १९०३ साली बिडाचा नांगर बाजारात आणला, तो वाळूच्या साच्यात ओतलेला. आपल्या गिरणीतल्या रोलरचे बिडाचे कवचही साच्यातच ओतले जाते. ओतारी आधी ‘पॅटर्न’ करतो आणि तो मापापेक्षा शेकडा एक भागाने मोठा धरतो, कारण बीड थंड होताना तितके आकसते. एवढे सांगायचे कारण असे की, साचा म्हटले की तीन प्रश्न येतातच: नक्षी किती बारीक उठते, वस्तू कशी सुटते, आणि आकसते किती. काकूंच्या गाठीला आणि गिरणीच्या रोलरला प्रश्न तेच.

मऊ साच्याचा गुण

लाकडी किंवा लोखंडी साचा कडक असतो. म्हणून त्यात आत वळलेला भाग चालत नाही. गणपतीची सोंड पोटावर वळलेली आहे, बोटांच्या मधे पोकळी आहे, अशी वस्तू कडक साच्यातून एका दमात निघत नाही. साच्याचे चार-सहा तुकडे करावे लागतात आणि सांधे घासून काढावे लागतात. रबराचा साचा मात्र मोजा पायातून काढावा तसा सोलून काढता येतो. रायगड जिल्ह्यातले पेण गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, तेथील कारखान्यांत रबराचे साचे चांगलेच रुळलेले आहेत.

सिलिकॉन हे रबरच, पण झाडाच्या चिकाचे नव्हे. वाळूत जे सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य असते, ते आणि प्राणवायू यांची साखळी करून ते बनवतात. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जातीच्या पदार्थांचा पहिला पाया घातला. त्यांना प्रयोगात चिकट गोंदासारखे काहीतरी मिळे आणि त्याचा व्यवहारात फारसा उपयोग होईल अशी त्यांना स्वतःला आशा नव्हती. पुढे १९४३ साली अमेरिकेत या मालासाठी डाऊ कॉर्निंग नावाची कंपनीच निघाली. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरला, त्याच्या बुटाचे तळ याच जातीच्या रबराचे होते.

त्याचे आपल्या उपयोगाचे गुण तीन. एक, ओतताना ते मधासारखे पातळ असते आणि बोटाच्या ठशाइतकी बारीक रेघही उचलते. दोन, त्याला सहसा काही चिकटत नाही. तीन, साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंतची आच ते सोसते. साखरेचा पाक १६० अंशांच्या पुढे गेला की करपू लागतो, गुळाची काहील ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. म्हणजे आपल्या कामाला ते पुरून उरते.

मात्र यात दोन जाती आहेत आणि हा भेद न ओळखता माल आणणे म्हणजे हायब्रीड समजून गावठी बी पेरणे होय. पहिली जात कथिलाच्या क्षाराने घट्ट होते. ती स्वस्त असते, त्यात थोडासा घट्टक थेंबाथेंबाने मोजून घालतात. ती हळूहळू आकसते आणि काही वर्षांत ठिसूळ होते. मूर्तीला, शोभेच्या वस्तूला ती चालेल, पण खाण्याच्या वस्तूला वापरू नये. दुसरी जात प्लॅटिनमच्या योगाने घट्ट होते. तिचे दोन डबे बहुधा समभाग मिसळावे लागतात. ती महाग असते, पण आकसत नाही म्हटले तरी चालेल, आणि खाण्याच्या वस्तूसाठी तयार केलेला तिचा वेगळा दर्जा मिळतो. डब्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिले आहे की नाही ते पाहूनच घ्यावे. दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

आमची फजिती

आम्ही दुसऱ्या जातीचे दोन डबे मागवले. पैसे आमच्याच खिशातले, कारखान्याचे नव्हेत, हे नमूद करतो. आता साचा घ्यायचा कशावरून? काकूंची फळी ही उलटी आहे, तिच्यावर रबर ओतले तर सुलटे कमळ मिळेल, साचा नव्हे. म्हणून आधी फळीला तेल लावून तीत प्लास्टर ओतले, चीर आतून मेणाने बुजवली, आणि सुलटी पदके काढली. दोन पदकांच्या पाकळ्या फळीतच राहिल्या. उरलेली काचेवर मांडली, भोवती चार पट्ट्यांची चौकट उभी केली. चौकटीच्या फटी बुजवायला आमच्यातल्या एकाने घरातल्या पोरांची खेळण्याची तेलकट माती आणली. दोन्ही डबे मिसळून आम्ही मोठ्या थाटात रबर ओतले आणि रात्रभर ठेवले.

सकाळी पाहतो तो मधला भाग घट्ट, पण कडेने जेथे जेथे ती माती लागली होती तेथे सारा चिकट लगदा. मातीचाच एक गोळा आम्ही हुशारीने पदकांच्या खालीही लावला होता, तेथली नक्षी तर पार नासली. सुमारे एक किलो माल वाया गेला. काकूंना तोंड दाखवायची पंचाईत.

हा लगदा आम्ही आपल्या प्रयोगशाळेत नेला. तेथल्या केमिस्ट साहेबांनी मातीचा वास घेतला आणि हसून विचारले, "अहो, यात गंधक आहे. प्लॅटिनमला गंधक लागलं की ते काम करायचं थांबतं. रबर मग घट्ट कसं होणार?"

मंडळी, ज्या गंधकाच्या धुराने आपल्या कारखान्यात रस निवळतो आणि साखर पांढरी होते, त्याच गंधकाने आमचा साचा बुडवला! साहेबांनी आणखी सांगितले की, झाडाच्या चिकाच्या रबराचे हातमोजेही याच कारणाने घालू नयेत, कारण ते रबर गंधकाने पक्के केलेले असते. कथिलाच्या जातीचे सिलिकॉन ज्या भांड्यात ढवळले ते भांडेही या कामाला घेऊ नये. आणि कोणत्याही नव्या वस्तूवर ओतण्याआधी चमचाभर रबर एका कोपऱ्यात लावून ते घट्ट होते की नाही ते पाहावे. हा चमचाभर शहाणपणा आम्हाला किलोभर माल घालवून मिळाला.

काकूंची युक्ती

दुसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा प्लास्टरचे पदक काढू लागलो, तेव्हा काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी अडाणी बाई, पण एक इचारू का? तुमाला कमळ सुलटं पायजे ना? मग गाठीच ठिवा की तिथं! कामून प्लास्टर अन् फिस्टर?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. गाठी म्हणजे सुलटे कमळच. साखर रबराला बिघडवत नाही. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे साचा तयार झाल्यावर आतली गाठी ओढून काढायलाही नको, कोमट पाण्यात ठेवली की विरघळून जाईल. खाण्याच्या साच्यात प्लास्टरचा कणही राहायला नको. आमच्या डोक्यात जे आले नाही ते काकूंच्या एका वाक्यात आले.

त्या दिवशी काकूंनी खास पाक घेतला. साखर उकळली, दुधाचा हबका मारून मळी वर आणली आणि झाऱ्याने काढली. आमच्याबरोबर आलेला पॅनमन म्हणाला, "आपली मळी चुन्यानं अन् गंधकानं निघते, काकूंची दुधानं." पाक तारेवर आल्यावर त्यांनी तो कढईच्या कडेला घोटून पांढरा केला. "बघा, ग्रेन धरला," पॅनमन पुन्हा म्हणाला. त्याला आपले घर भेटल्यासारखे झाले होते. फळी पाण्यात भिजवून ठेवली होती, तिची चीर बाहेरून कापडी पट्टीने आवळली, आणि दोरा न घालता काकूंनी एकेक पदक भरले. वीस-पंचवीस पदकांतून त्यांनी सर्वांत स्वच्छ उठलेली सहा निवडली. निवड करताना त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही.

कृती

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी कृती क्रमाने देतो.

१. काच पुसून सपाट जागी ठेवावी. पदके चपटी बाजू खाली करून पाकाच्याच थेंबाने काचेवर चिकटवावीत. दोन पदकांत बोटभर अंतर असावे. पदक काचेला पूर्ण टेकले पाहिजे, नाहीतर रबर खाली शिरते.

२. भोवती काचेच्या किंवा गुळगुळीत प्लायच्या पट्ट्यांची चौकट उभी करावी. फटी साध्या मेणबत्तीच्या मेणाने बुजवाव्यात. खेळण्याची माती वापरू नये.

३. किती रबर लागेल ते आधी काढावे. आमची चौकट आतून ३० सेंटिमीटर लांब, १० रुंद, आणि पदकांच्या माथ्यावर बोटभर थर राहील अशा बेताने २.५ सेंटिमीटरवर खूण. हे झाले ७५० घन सेंटिमीटर. यातून पदकांनी अडवलेली जागा वजा करायची. त्यासाठी चौकटीत खुणेपर्यंत बाजरी भरली आणि तीच बाजरी मापाच्या भांड्यात ओतली, ती ६५० मिलिलिटर भरली. रबर पाण्याहून किंचित जड, म्हणून १.१ ने गुणले: ७१५ ग्रॅम. भांड्याला चिकटते त्यासाठी दहावा हिस्सा वाढवला, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम. दोन्ही डब्यांतून ४००-४०० ग्रॅम. बाजरीचा दाणा आणि भुसा मागे राहू देऊ नये.

४. वजन काट्यावरच करावे, अंदाजाने नाही. डब्यावर जे प्रमाण व जी वेळ लिहिली असेल तीच खरी. उन्हात रबर लवकर घट्ट होते. आपल्याकडे चाळीस अंशांचा उन्हाळा असतो, तेव्हा हे काम पहाटे करावे, नाहीतर भांड्यातच गोळा व्हायचा.

५. ढवळताना हळू आणि एकाच दिशेने ढवळावे, भांड्याच्या कडा व तळ खरवडून घ्यावा. जोराने घुसळले तर हवा शिरते आणि कमळाच्या पाकळीवर बुडबुडा बसतो. मोठ्या कारखान्यात हे बुडबुडे व्हॅक्यूमखाली काढतात. आपल्याकडे यंत्र नसेल तर आधी मऊ कुंचल्याने नक्षीवर पातळ हात द्यावा. मग चौकटीच्या एका कोपऱ्यात, वितभर उंचीवरून, सुतळीएवढी बारीक धार सोडावी. धार पातळ झाली की बुडबुडे वाटेतच फुटतात. रबर आपले आपण पदकांवर चढत जाते.

६. डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हलवू नये. आम्ही रात्रभर ठेवले. सकाळी चौकट सोडवून साचा उलटा केला आणि कोमट पाण्यात ठेवला. साखर विरघळली, कमळ उरले. नंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे साचा तापवून घ्यावा, साबणाने धुवावा, आणि पहिल्या एक-दोन खेपांच्या गाठ्या खाऊ नयेत, टाकून द्याव्यात.

७. रबर लवचीक असल्याने भरलेला साचा उचलताना वाकतो आणि गाठी तडकते. म्हणून त्याच्या मापाचा लाकडी ट्रे करून साचा त्यात बसवावा. आमच्या ट्रेचे काम वर्कशॉपमधल्या फिटरने सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हौसेने करून दिले.

काकूंचा निकाल

फेब्रुवारीअखेर काकूंनी नव्या साच्यात पहिला पाक ओतला. दोरा मांडला, पदके भरली, थांबल्या. लाकडी साच्यात गाठी लवकर गार होते, कारण फळी भिजलेली असते. रबरात जरा जास्त वेळ लागला. काकूंची चुळबूळ सुरू झाली. मग साचा कडेने वाकवला आणि सहा पदकांची माळ एकही पाकळी न मोडता अलगद हातात आली. काकूंनी ती उजेडात धरून बघितली. चिरीची रेघ मात्र एका फुलावर उठली होती. मूळ फळीचा व्रण नकलेतही उतरला.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "सासूबाईंच्या साच्याची खूण हाय ती."

त्यांचे मत आम्ही जसेच्या तसे देतो, कारण स्तुतीच छापायची असे या अंकाचे धोरण नाही. पाकळी मोडत नाही, भिजवण्याची दगदग नाही, धुणे सोपे, हे चांगले. गार व्हायला वेळ लागतो, म्हणून एका साच्यावर भागत नाही, दोन-तीन लागतात. पैसा आधी घालावा लागतो. आणि सुरी-सुई लागली की रबर फाटते, ते सांधत नाही. "दोन्ही वापरीन," असा त्यांचा निकाल. फळी मात्र आता कापडात गुंडाळून, पत्र्यापासून दूर, कणगीमागे ठेवली आहे.

आणखी कोठे उपयोग

ज्यांची गुऱ्हाळे आहेत त्यांना चहापुरत्या गुळाच्या लहान वड्या याच रीतीने पाडता येतील. गिऱ्हाईक आता दहा किलोची ढेप फोडत बसत नाही. मात्र खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी काढावी.

पोळ्याचे बैल व गणपती करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सांगितली, तेव्हापासून शाडूचा विचार सर्वत्र वाढला. पण शाडूला रबराचा साचा फारसा सोयीचा नाही. ओली माती सुटायला तिच्यातले पाणी कोणीतरी ओढून घ्यावे लागते. ते काम प्लास्टरचा साचा करतो, रबर करीत नाही. म्हणून मातीला प्लास्टरचा साचा, आणि ओतून घट्ट होणाऱ्या वस्तूला रबराचा, हे सूत्र धरावे. बचत गटाच्या भगिनींनी मोठ्या खर्चात पडण्यापूर्वी एका लहान पदकावर प्रयोग करून पाहावा.

विनंती

आपल्या कार्यक्षेत्रात अजून किती घरी गाठीचे, बत्ताशाचे लाकडी साचे असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. काही माळ्यावर असतील, काही चुलीजवळ जळणाच्या ढिगातही असतील. सभासदांनी कृपा करून असे साचे जाळू नयेत. बिनहंगामात गट कार्यालयात आणून दाखवावेत. आम्ही त्यांची नोंद ठेवू, आणि ज्यांना नक्कल घ्यायची असेल त्यांना आमच्या चुकांसकट सारे दाखवू. साचा ज्याचा त्याचाच राहील. दुसऱ्याची नक्षी मालकाला विचारल्याशिवाय उतरवून घेऊ नये, हाही नियम पाळावा.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फाट्यावर होतो. एक ट्रॉली थांबली. आठ-नऊ वर्षांची एक पोर खाली उतरली आणि थेट काकूंच्या टोपलीपाशी आली. काकूंनी कमळाची माळ तिच्या गळ्यात घातली. पोरीने लगेच कडेची पाकळी दाताखाली धरली. तो ऊस तिच्या आई-बापाने कोठल्या तरी फडात तोडलेला असेल, साखर कोणत्या तरी कारखान्याची असेल. कमळ मात्र आपल्या गावचे होते, आणि ते पुढल्या पाडव्यालाही असेल.